जिवंत आमिष गरवताना: सबिकी, पोकळ रॉड आणि बादली

जिताडा किंवा तांबोशीसाठी जिवंत आमिष लावायचं, तर ते खरोखर जोमदार पोहणारं हवं. म्हणून आमिष पकडण्याच्या सामानाची कसोटी एकच: मासा खवलं न गळता, ओठ न फाटता बादलीत पडला पाहिजे. किती मासे आले हे त्यानंतर.

सबिकी ही मूळची जपानी पद्धत. एका मुख्य तंगुसावर (नायलॉनच्या दोरीवर) साधारण 6 बारीक गळ, प्रत्येक गळ आखूड फांदीवर, गळावर माशाच्या कातड्याची पातळ पट्टी किंवा चमकणारा धागा आणि सगळ्यात खाली शिसं. पाण्यात वरखाली झाली की ही माळ जवळ्याच्या घोळक्यासारखी दिसते. बांगडा आणि पेडवे जवळ्यासारखे बारीक जीव खातातच, म्हणून कोकणातल्या धक्क्यांवरही ती चालते.

पाकीट घेताना मोठी गफलत होते ती नंबरांत. जपानी पाकिटावर सहसा तीन आकडे असतात: गळाचा, फांदीच्या तंगुसाचा आणि मुख्य तंगुसाचा. जपानी पद्धतीत गळाचा नंबर वाढला की गळ मोठा होतो. आपण नेहमी वापरतो त्या 8, 10, 12 नंबरांच्या गळांचं मात्र उलटं, नंबर वाढला की गळ बारीक. 10-12 सेंमीच्या पेडव्यांसाठी जपानी 4 ते 6, मध्यम बांगड्यांसाठी 8 ते 10 घ्या. गळ मोठा झाला तर पेडवा नुसता टोचतो आणि सुटतो. अडकलाच तर त्याचा मऊ ओठ फाटतो, आणि असा मासा आमिष म्हणून फार वेळ टिकत नाही. फांदीचा 1 नंबर म्हणजे साधारण 0.165 मिमी जाडी. पाणी स्वच्छ असेल तर याहून जाड नको.

साध्या 7 फुटी रॉडवर पूर्ण माळ लावू नका. माळ रॉडइतकी किंवा त्याहून लांब असली की वरचा स्विव्हल (तंगूस आणि माळ जोडणारी फिरती कडी) रॉडच्या टोकाच्या कडीला अडतो, खालचे मासे पाण्यातच राहतात आणि सुटे गळ तोंडासमोर लोंबकळतात. माळ मधोमध कापा, 3 गळांचे दोन तुकडे करा. धक्क्यावर तेवढे पुरतात.

होडीवर मात्र खास पोकळ सबिकी रॉड घेण्यात अर्थ आहे. यात तंगूस बाहेरच्या कड्यांतून जात नाही. रीलच्या पुढच्या भोकातून रॉडच्या पोटात शिरतं आणि टोकाच्या नरसाळ्यासारख्या तोंडातून बाहेर येतं. काम झालं की सगळी माळ आत ओढून घेता येते, गळ उघडे राहत नाहीत. तंगूस ओवायला लांब, ताठ तार लागते. ती टोकाकडून आत घाला, रीलजवळच्या भोकातून बाहेर काढा, तंगूस बांधा आणि सावकाश ओढा. मग छोटा स्विव्हल, माळ आणि 50 ते 90 ग्रॅमचं शिसं. स्विव्हल नळीतून सहज जाणारा हवा, शिसं मात्र तोंडापेक्षा रुंद हवं, म्हणजे ते तोंडाशी येऊन थांबतं. ते टेकल्यावरही रील फिरवत राहिलात तर गाठ तुटते.

या रॉडची नेहमीची तक्रार म्हणजे माळ बाहेर येत नाही. नळीत पाणी शिरलं की ओलं तंगूस आतल्या भिंतीला चिकटतं आणि हलकं शिसं ते ओढू शकत नाही. यावर उपाय दोन: शिसं वाढवा, आणि वेणीच्या मऊ दोरीऐवजी 15-20 पौंडांचं ताठ तंगूस वापरा. माळ आत घेताना गळ अडला तर जोर लावू नका. शिसं धरून माळ पुन्हा बाहेर काढा, फांद्या सरळ करा आणि हळू आत घ्या. घरी आल्यावर माळ काढून ठेवा, नाहीतर ओले गळ लवकर गंजतात. नळीत गोडं पाणी ओता आणि रॉड टोक खाली करून वाळवा.

मासे जमवायला कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भिजवलेला सुका जवळा आणि थोडा कोंडा भरून पाण्यात सोडा. माळ त्याच्या शेजारी. टोक फूटभर सावकाश उचला आणि सोडा, झटके नकोत. पहिला मासा थरथरला की लगेच गुंडाळू नका. त्याच्या धडपडीने बाकीचे येतात. पाच-दहा सेकंद पुरे, जास्त थांबलात तर माळेचा गुंता होतो.

मासा हातात धरू नका. कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर आणि खवलं लागून येतात. जाड तारेचा एक आकडा करा. एका हाताने फांदी धरा, आकडा तंगुसावरून सरकवत गळाच्या वळणात अडकवा, आकडा वर आणि तंगूस खाली ओढा. गळ उलटा होतो आणि मासा स्वतःच्या वजनाने बादलीत पडतो.

बादली गोल हवी, कोपऱ्यांत मासे नाक आपटून घेतात. 20 लिटर पाण्यात चार-पाचच ठेवा, बॅटरीचा हवापंप लावा, बादली सावलीत ठेवा आणि दर 15-20 मिनिटांनी अर्धं पाणी बदला. गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो, म्हणून दुपारी हेच अंतर आणखी कमी करा. मेलेला मासा ताबडतोब बाहेर. तरीही बांगडा बादलीत फार वेळ जगत नाही. कल्ल्यांवर पाणी खेळतं राहायला त्याला सतत पोहावं लागतं. होडीवर वाहत्या पाण्याची टाकी असेल तरच त्याच्या मागे लागा.

किनाऱ्यावरून खाडीत गरवणाऱ्याला बोईटच बरं, ते चिवट असतं. पण ते सबिकीला क्वचितच लागतं, कारण ते गाळातलं शेवाळ आणि कुजकं खातं. सपाट, उथळ जागा असेल तर पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाका. खडकाळ जागी 0.20 मिमी तंगूस, हलका तरंगा, त्याखाली फूटभरावर नेहमीच्या पद्धतीतला 12 किंवा 14 नंबरचा एकच गळ लावा. आमिष म्हणून कणकेचा वाटाण्याएवढा गोळा. मळताना त्यात कापसाचे थोडे तंतू घाला, म्हणजे तो पाण्यात विरघळून गळावरून सुटत नाही. आधी पावाचा चुरा टाकून थवा वर आणा. बोईट आमिष चोखतं, त्यामुळे तरंगा बुडत नाही, नुसता कापतो किंवा बाजूला सरकतो. तेवढ्यावरच मनगट हलकेच उचला.