मुंबई-न्यूयॉर्क विमानप्रवास: अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. समजा, विमान मुंबईहून मध्यरात्रीनंतर 1:30 ला सुटतं आणि त्याच तारखेला सकाळी 7:30 ला न्यूयॉर्कला उतरतं. दिसतात सहा तास. पण हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं, म्हणजे उतरताना मुंबईत संध्याकाळचे 6 वाजलेले असतात. खरा प्रवास साडेसोळा तासांचा. आधी दोन्ही वेळा मुंबईच्या घड्याळात आणा आणि मगच वजाबाकी करा.

साडेदहा हा आकडाही वर्षभर चालत नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिकडची घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा फरक साडेनऊच.

तारखेची चूक तर थेट खिशाला लागते. 15 तारखेचं 1:30 चं विमान म्हणजे घरातून निघायचं 14 च्या रात्री. 15 ला रात्री जेवून बॅगा घेऊन निघालात, तर विमान आदल्याच रात्री गेलेलं असतं. बुकिंग झाल्या झाल्या कॅलेंडरवर 14 च्या चौकटीत 'रात्री 10, विमानतळ' असं लिहून टाका.

आता अंतर. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी जाते आणि सुमारे 14,200 किलोमीटर भरते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा: तो सिंध, कंदहार, मॉस्कोचा परिसर, आइसलँड असा उत्तरेकडून वळसा घेतल्यासारखा दिसतो, पण तोच सर्वात जवळचा मार्ग, सुमारे 12,550 किलोमीटरचा. हाच आकडा साध्या मैलांत 7,800 आणि सागरी मैलांत जेमतेम 6,780 होतो. सागरी मैलाला साध्या मैलाच्या 1.609 ने गुणलंत तर सोळाशे किलोमीटर गायब होतात; गुणायचं 1.852 ने.

मग 12,550 भागिले ताशी 900, म्हणजे चौदा तास? नाही. धावपट्टीपर्यंतचं रांगणं आणि चढ-उतार यांचा वेळ त्यात धरलेला नसतो. शिवाय जवळचा मार्ग नेहमी मोकळा नसतो: रशियाने 2022 मध्ये अनेक पाश्चात्त्य कंपन्यांना आणि पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, की वळसा आणि इंधन दोन्ही वाढतात. भरीला उंचावरचा पश्चिमेकडून येणारा जोरदार वारा जाताना तोंडावर येतो आणि परतताना पाठीवर. त्यामुळे परतीचा प्रवास तास-दीड तासाने लवकर उरकतो. जाण्याचा वेळ दुप्पट करून जाऊन-येऊनचं गणित मांडू नका.

शेवटी तिकिटावरचा विमानतळाचा तीन अक्षरी कोड वाचा. जेएफके आणि न्यूअर्क हे दोन वेगळे विमानतळ, पण दोन्ही 'न्यूयॉर्क' म्हणूनच विकले जातात. मुंबईपासूनचं अंतर जवळपास सारखंच, पण एकावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान असेल, तर इमिग्रेशन, सामान आणि अख्खं शहर ओलांडणं दोन तासांत जमत नाही.