कॉफी चाखून पारखताना या चुका टाळा

दापोलीपासून मालवणपर्यंत होमस्टे आणि छोटी कॅफे वाढली, तशी चिकमगळूर-कूर्गची नमुन्याची पाकिटंही येऊ लागली. घरातले चौघे जमतात, दूध-साखर घालून कॉफी होते, ‘बरी आहे’ म्हणून ऑर्डर जाते. यात पारख झाली ती दुधाची.

कपिंगमध्ये, म्हणजे कॉफी चाखून पारखण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, 150 मिली पाण्याला 8.25 ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी घेतात. सुमारे 93 अंशांचं पाणी थेट भुकटीवर ओतायचं, चार मिनिटं हात लावायचा नाही. मग वर आलेला थर चमच्याने फोडायचा आणि त्याच क्षणी वास घ्यायचा. बाजूला बांगडा तळला जात असेल तर हा कार्यक्रम दुपारनंतर ठेवा.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे एकाच कपावर निकाल देणं. जाणकार परीक्षक एका नमुन्याचे पाच कप मांडतात आणि प्रत्येक कपाच्या बिया वेगळ्या मोजून वेगळ्या दळतात. एखादीच आंबलेली बी तिचा कप बिघडवते. सगळं एकत्र दळलं तर तो दोष पाचांत विरून जातो. चार कप छान आणि पाचवा औषधासारखा लागला, तर ‘असेल एखादा’ म्हणून सोडू नका. पुढे गिऱ्हाईकाच्या हातात तोच येणार.

चटका बसेल इतकी गरम कॉफी चाखू नका. साधारण 70 अंशांवर सुरुवात करा आणि पार थंड होईपर्यंत पुन्हा पुन्हा भुरका मारा, चांगला आवाज करून. गरमपणी लपलेले दोष कोमट झाल्यावर बाहेर पडतात. प्रत्येकाने आधी आपापले गुण लिहावेत. शेठ ‘फक्कड’ म्हणाले की बाकीच्यांच्या जिभा मिटतात.

पाणीही तपासा. उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात. त्या पाण्यात चांगली कॉफीही वाया जाते.

आंबटपणा दिसला की गुण कापणारेही असतात. कोकम सरबतासारखा तरतरीत आंबटपणा हा अरेबिका जातीच्या कॉफीचा गुण आहे. मॉन्सून्ड मलबार नावाच्या कॉफीत मात्र तो शोधू नका: मंगळुरूच्या बाजूला पावसाळी वाऱ्यात बिया मुद्दाम फुगवतात, त्यामुळे आंबटपणा उतरतो आणि चव जड होते. जुलैत तुमच्या कोठीत ओल धरलेलं पोतं म्हणजे मॉन्सून्ड मलबार नव्हे. ते कुबट वास मारतं, परत पाठवा.