अमेरिकेत सिव्हिलचं एमएस: पदवीच्या अटी पूर्ण करताना या चुका टाळा

‘तीस क्रेडिट झाली की डिग्री झाली’ हा हिशोब पहिल्याच आठवड्यात सीनियरकडून कानावर पडतो. आकडा काही खोटा नाही. सेमिस्टर पद्धतीच्या बहुतेक अमेरिकन विद्यापीठांत सिव्हिलचं एमएस ३० क्रेडिटच्या आसपासच असतं, क्वार्टर पद्धत (वर्षाचे अधिक, छोटे भाग) असेल तर ४५ च्या. एक कोर्स साधारण ३ क्रेडिटचा धरला तर दहा कोर्स. पण कुठलीही तीस क्रेडिट चालत नाहीत, आणि कुठली चालतील हे एकाच ठिकाणी ठरत नाही. विभागाचं हँडबुक वेगळं, ग्रॅज्युएट स्कूलचे (एमएस-पीएचडीचा कारभार बघणाऱ्या कार्यालयाचे) नियम वेगळे, आणि एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचे तिसरेच. अ‍ॅडव्हायझरला पहिलं नीट माहीत असतं, दुसरं थोडंफार, तिसरं बहुधा अजिबात नाही. आणि घोळ होतात ते या तिघांच्या मधल्या फटीत.

एकच वर्ग, दोन क्रमांक

अ‍ॅडव्हान्स्ड काँक्रीट किंवा फाउंडेशन डिझाइनसारखे विषय अनेक ठिकाणी दोन क्रमांकांखाली चालतात: एक ४०० च्या मालिकेतला, बॅचलर पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांसाठी, आणि एक ५०० च्या मालिकेतला, एमएसवाल्यांसाठी. खोली तीच, प्राध्यापक तेच, वेळही तीच. ५०० वाल्यांना फक्त एखादं जास्तीचं प्रोजेक्ट असतं. नोंदणीच्या दिवशी ५०० ची जागा भरलेली दिसली की मुलं ‘वर्ग तर एकच आहे’ म्हणून ४०० वर क्लिक करतात. पुढे डिग्री ऑडिट (पदवीच्या अटी किती पूर्ण झाल्या याचा अहवाल) काढल्यावर कळतं की ४०० च्या पातळीचे एक-दोनच कोर्स धरले जातात, किंवा एकही नाही.

चूक अ‍ॅड-ड्रॉपच्या (कोर्स बदलण्याच्या) मुदतीत लक्षात आली, तर प्राध्यापकांना मेल टाकून जागा वाढवून घ्या आणि क्रमांक बदला. बहुतेक प्राध्यापक हो म्हणतात. मुदत उलटल्यावर मात्र याचिका, सह्या आणि वाट पाहणं.

असेच आणखी काही कप्पे असतात. इंडिपेंडंट स्टडीची क्रेडिट मर्यादित. इंटर्नशिपची बहुधा पदवीत धरतच नाहीत. दुसऱ्या विद्यापीठातून आणलेली क्रेडिट धरली तरी मोजकी, तीही चांगल्या ग्रेडची आणि आधी कुठल्याही पदवीत न वापरलेली. सेमिनार अर्ध्या किंवा शून्य क्रेडिटचा असला तरी ठरलेल्या सेमिस्टरांना नोंदवावाच लागतो. शून्य क्रेडिटची गोष्ट विसरणं सगळ्यांत सोपं, आणि डिग्री अडवायला ती पुरते.

आर्किटेक्चर किंवा मेकॅनिकलकडून सिव्हिलला आला असाल तर प्रवेशपत्र पुन्हा वाचा. सॉइल मेकॅनिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स, स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस असे पदवीचे विषय ‘डेफिशियन्सी’ म्हणून लिहिलेले असू शकतात. ते करावे लागतात, फी लागते, आणि तीस क्रेडिटमध्ये त्यांतलं एकही धरलं जात नाही. ज्या विषयाचा अभ्यास तुमच्या पदवीत झाला आहे, त्याचा सविस्तर सिलॅबस पहिल्याच महिन्यात दाखवून सूट मागा. नुसती गुणपत्रिका दाखवून भागत नाही, कारण विषयाच्या नावावरून आत काय शिकवलं ते कुणाला कळत नाही.

साखळीतला पहिला कोर्स सोडणं

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच, आणि नियमभंग झालेला नसल्यामुळे तिची सूचना कुठूनच येत नाही.

स्ट्रक्चर्सचं उदाहरण घ्या. अर्थक्वेक इंजिनीअरिंगला स्ट्रक्चरल डायनॅमिक्स आधी झालेलं लागतं. डायनॅमिक्स फक्त फॉलला (ऑगस्ट-डिसेंबर), अर्थक्वेक फक्त स्प्रिंगला (जानेवारी-मे), अशी मांडणी सर्रास असते. पहिल्या फॉलला ‘आधी जरा सोपे विषय घेऊ, रुळलो की डायनॅमिक्स’ असं ठरवलं, तर डायनॅमिक्स दुसऱ्या फॉलला आणि अर्थक्वेक दुसऱ्या स्प्रिंगला. दीड वर्षात संपणारं एमएस दोन वर्षांवर गेलं, वर त्या शेवटच्या सेमिस्टरचं भाडं, विमा आणि फी. जिओटेक आणि वॉटर रिसोर्सेसमध्येही अशा जोड्या आहेत, शिवाय काही खास विषय वर्षाआड एकदाच चालतात. प्राध्यापक सबॅटिकलवर (अभ्यासरजेवर) गेले तर तेवढंही नाही.

कॅटलॉगमध्ये विषय छापलेला असणं आणि तो या वर्षी शिकवला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागच्या चार-पाच सेमिस्टरची वेळापत्रकं सहसा विद्यापीठाच्या साइटवरच असतात. ती उघडून आपल्याला हवा असलेला प्रत्येक कोर्स खरोखर कधी चालला ते बघा आणि मग उलटीकडून, म्हणजे शेवटच्या सेमिस्टरपासून मागे येत, कागदावर मांडणी करा. ‘प्लॅन ऑफ स्टडी’ नावाचा फॉर्म याचसाठी असतो. तो शेवटी भरायची औपचारिकता समजू नका. पहिल्या सेमिस्टरमध्ये सही झालेला प्लॅन हातात असेल तर पुढे अभ्यासक्रम बदलला तरी बोलायला आधार राहतो.

साखळी तुटलीच असेल तर दोन वाटा आहेत. शेजारच्या विभागात समकक्ष कोर्स आहे का बघा. फायनाइट एलिमेंट आणि व्हायब्रेशन्स मेकॅनिकलमध्येही शिकवतात, आणि आधी लेखी मंजुरी घेतली तर ते धरले जाण्याची शक्यता चांगली असते. दुसरी वाट म्हणजे प्राध्यापकांकडून पूर्वअट माफ करून घेणं. ही वाट ज्यांचं गणित पक्कं आहे त्यांनीच धरावी.

एका ‘सी’चा हिशोब

पदवीसाठी जीपीए (ग्रेडची सरासरी; ए = ४, बी = ३, सी = २) ३.० लागतो, म्हणजे सरासरी ‘बी’. भारतात साठ-पासष्ट टक्क्यांना चांगलं म्हणायची सवय असलेल्या मुलाला ‘बी’ म्हणजे सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात ‘बी’ हीच कड आहे.

पहिल्या सेमिस्टरला तीन कोर्स, ग्रेड बी, बी, सी. गुण (ग्रेड × ३ क्रेडिट) ९ + ९ + ६ = २४, भागिले ९ क्रेडिट, म्हणजे २.६७. प्रोबेशन, म्हणजे जीपीए सुधारण्याची ताकीद. पुढच्या तीन कोर्सांत निदान एक ‘ए’ आणि दोन ‘बी’ आले तर बेरीज ५४ होते आणि १८ क्रेडिटवर बरोबर ३.० येतो. तीन ‘बी’ आणले तर येत नाही. शिवाय एकंदर जीपीए सावरला तरी कोअर (सक्तीच्या) विषयात ‘बी’च्या खालची ग्रेड धरणार नाही, अशी विभागाची वेगळी अट असू शकते. पुन्हा कोर्स केल्यावर जुनी ग्रेड पुसली जाते हाही गैरसमज आहे. ग्रॅज्युएट पातळीवर अनेक विद्यापीठं दोन्ही ग्रेड मोजतात.

मिडटर्म बिघडली तर कोर्स विदड्रॉ करण्याचा (मधेच सोडण्याचा) विचार योग्य असू शकतो, पण एफ-१ वर असाल तर आधी आंतरराष्ट्रीय कार्यालयात जा, मगच बटण दाबा. त्यांच्या परवानगीशिवाय पूर्णवेळ मर्यादेच्या (बहुतेक ठिकाणी ९ क्रेडिट) खाली गेलात, तर प्रश्न ग्रेडचा न राहता व्हिसाच्या स्टेटसचा होतो.

थिसिस: मधेच सोडणं आणि उशिरा सुरू करणं

थिसिसची (संशोधन प्रबंधाची) ६ ते ९ क्रेडिट असतात. वर्षभर काम करून ‘नको, नॉन-थिसिस करतो’ म्हटलं, तर ती क्रेडिट आपोआप कोर्सांत बदलत नाहीत. दोन-तीन नवे कोर्स घ्यावे लागतात. अ‍ॅडव्हायझरच्या प्रोजेक्टवर आरए (पगारी संशोधन सहायक) असाल तर फी-माफीही त्याच निर्णयाला बांधलेली असते. नोकरीच करायची असेल आणि संशोधनाची ओढ नसेल, तर सुरुवातीपासून नॉन-थिसिस घेण्यात काही कमीपणा नाही. पीएचडीचा विचार असेल तर थिसिस कराच.

सिव्हिलच्या थिसिसचं वेळापत्रक मात्र निसर्गाच्या हातात असतं. काँक्रीटची नेहमीची चाचणी २८ दिवसांची. स्प्रिंग सेमिस्टर सुमारे १५ आठवड्यांचं. डिफेन्स (प्राध्यापकांच्या कमिटीसमोरची थिसिसची तोंडी परीक्षा) सेमिस्टर संपायच्या निदान तीन-चार आठवडे आधी व्हावा लागतो, आणि कमिटीला मसुदा त्याच्याही दोन आठवडे आधी द्यावा लागतो. म्हणजे हातात राहिले नऊ-दहा आठवडे. पहिल्या आठवड्यात काँक्रीटच्या नमुन्यांचे सिलिंडर भरले, पाचव्यात फोडले, आणि कॅपिंग (सिलिंडरची टोकं सपाट करणं) नीट न झाल्याने निकाल विखुरले, की दुसरी बॅच नवव्या आठवड्यात तयार होणार. आलेख काढायलाही वेळ उरत नाही. चिकणमातीच्या कन्सॉलिडेशन (दाबाखाली माती किती खचते त्याच्या) चाचण्या तर एकेका नमुन्याला दिवसेंदिवस घेतात. प्रयोगाचा थिसिस असेल तर निदान एक अख्खी बॅच वाया जाणार असं धरूनच तारखा ठरवा.

ट्रान्सपोर्टेशनवाल्यांचा सापळा वेगळा. वाहनचालकांचं किंवा पादचाऱ्यांचं सर्वेक्षण करायचं असेल तर ते माणसांवरचं संशोधन ठरतं. त्याला आयआरबी, म्हणजे विद्यापीठाच्या नैतिकता समितीची संमती किंवा सूट आधी लागते. ‘नंतर घेऊ’ म्हणून गोळा केलेली माहिती थिसिसमध्ये वापरता येत नाही.

कमिटीतली माणसं ग्रॅज्युएट फॅकल्टीच्या यादीत आहेत का तेही तपासा. शिकवायला येणारे अनुभवी कन्सल्टंट मार्गदर्शन उत्तम करतात, पण त्यांची सही दर वेळी चालत नाही. पीएचडीत तर विभागाबाहेरचा एक सदस्य बहुधा सक्तीचाच असतो.

शेवटच्या सेमिस्टरमधल्या तारखा

पदवीसाठी अर्ज करावा लागतो, ती आपोआप मिळत नाही. मुदत सेमिस्टरच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच संपते. ती हुकली तर पदवीची तारीख पुढच्या सेमिस्टरवर जाते.

आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला फॉर्म) वरची प्रोग्रॅम संपण्याची तारीख आणि पदवीदान समारंभाची तारीख एकच नसते. ओपीटीचा (पदवीनंतर अमेरिकेत काम करण्याच्या परवानगीचा) अर्ज प्रोग्रॅम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ते ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो, पण विद्यापीठाच्या अधिकाऱ्याने सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणी प्रणालीत) शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांच्या आत तो इमिग्रेशन खात्याकडे पोहोचावा लागतो. ही दुसरी मुदतच मुलं विसरतात. थिसिस लांबणार असेल तर आय-२० ची तारीख उलटण्याच्या आत मुदतवाढ मागा. संशोधनातली अनपेक्षित अडचण हे कारण चालतं, प्रोबेशनमुळे झालेला उशीर चालत नाही. शेवटच्या सेमिस्टरला एकच कोर्स उरला असेल तर कमी क्रेडिटची परवानगी आधी घ्या, आणि तो कोर्स ऑनलाइन घेऊ नका.

ओपीटीच्या २४ महिन्यांच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) मुदतवाढीवर भिस्त असेल तर पदवीचं नाव बघू नका, आय-२० वरचा सीआयपी कोड (अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक) बघा. सिव्हिलचे कोड १४.०८ ने सुरू होतात आणि ते स्टेममध्ये येतात. कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट मात्र काही ठिकाणी ५२ च्या, म्हणजे व्यवसाय-व्यवस्थापनाच्या गटात नोंदवलेलं असतं. हे प्रवेश घेण्याआधी विचारायचं.

एमएस आणि पीई परवाना

अमेरिकन एमएस झालं की पीई (प्रोफेशनल इंजिनीअर) परवान्याची शैक्षणिक अट आपोआप पूर्ण होते, असं अनेकांना वाटतं. पण तसं नसतं. अ‍ॅबेट ही संस्था विद्यापीठाला मान्यता देत नाही, एकेका अभ्यासक्रमाला देते, आणि सिव्हिलमध्ये ती मुख्यतः बॅचलर पदवीला असते. त्यामुळे परवाना देणारी राज्यं तुमच्या भारतातल्या बीईकडे बघतात आणि बहुधा एनसीईईएसकडून (परवान्याच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून) तिचं मूल्यमापन मागतात. त्यांच्या निकषात गणित आणि मूलभूत विज्ञानाची ३२ सेमिस्टर क्रेडिट, इंजिनीअरिंगची ४८. इंजिनीअरिंगची सहज भरतात, कमी पडलं तर गणित-विज्ञानात पडतं. एमएस चालू असतानाच हे मूल्यमापन करून घेतलं, तर उणीव दाखवलेला एखादा कोर्स विद्यापीठात असतानाच उरकता येतो. एफईची (पीईआधीची पहिली) परीक्षाही तेव्हाच द्या. पदवीचे विषय त्या वेळी डोक्यात ताजे असतात, नोकरीत एकाच प्रकारची कामं करून दोन वर्षांनी फ्लुइड मेकॅनिक्सचं पुस्तक पुन्हा उघडणं जिवावर येतं.