मायसेनचे दरबारी पोर्सेलिन पुतळे: घेताना आणि जपताना या चुका टाळा

जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या राजदरबारात अठराव्या शतकात मुखवट्यांचे नाच रंगत, खाणकामगारांच्या मिरवणुका निघत, सरदार मंडळी शेतकऱ्यांची सोंगं घेऊन मेजवानीला येत. १७३१ मध्ये जवळच्याच मायसेन गावातल्या पोर्सेलिन कारखान्यात रुजू झालेल्या शिल्पकार योहान योआखिम केंडलरने हीच माणसं पोर्सेलिनमध्ये, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीत, घडवली: हार्लेक्विन हा इटालियन नाटकांतला विदूषक, खाणकामगार, फुगीर झग्यातल्या स्त्रिया. मेजवानीच्या टेबलावर पूर्वी साखरेचे पुतळे मांडत, त्यांची जागा यांनी घेतली. टेबलावरचा पुतळा चहूबाजूंनी दिसतो, म्हणून आधी पाठ बघा. पुढून नक्षीदार आणि मागून उरकलेलं काम असेल, तर तिथेच सावध व्हा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तळाला मायसेनची खूण, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी, दिसली की पैसे मोजणं. ही खूण पॅरिसपासून जर्मनीतल्या थुरिंगियापर्यंत अनेकांनी उचलली. ‘ए आर’ (ऑगस्टस रेक्स, म्हणजे राजा ऑगस्टस) ही राजाची आद्याक्षरं तर एकोणिसाव्या शतकात ड्रेस्डेनच्या हेलेना वोल्फझोनच्या कारखान्यातल्या मालावरही येत. अस्सल तलवारींतही फरक असतो. मुठींमध्ये ठिपका असेल तर साधारण १७६३ ते १७७४, तारा असेल तर १७७४ ते १८१४. तलवारींवर आडवी चीर असेल तर माल दुय्यम दर्जाचा किंवा कोरा विकलेला, म्हणजे रंगकाम बाहेर झालेलं असू शकतं. केंडलरचे नमुने मायसेनने पुढेही काढले, त्यामुळे नमुना १७४० चा असला तरी पुतळा त्या सालचा ठरत नाही. तळाशी कोरलेला नमुना क्रमांक आणि शेजारी ठशाने दाबून उमटवलेला आकडा दिसला, तर बहुतेकदा तो एकोणिसाव्या शतकातला किंवा नंतरचा असतो.

मोजपट्टी जवळ ठेवा. भट्टीत पोर्सेलिन सुमारे एक षष्ठांश आकसतं. तयार पुतळ्यावरून साचा काढून नक्कल केली की १८ सेंटिमीटरचा पुतळा १५ च्या आसपास येतो, आणि चेहऱ्याचे बारकावेही बोथट होतात. झग्याला खरी जाळीदार लेस असेल, तर तो केंडलरच्या काळातला समजू नका. लेस पातळ पोर्सेलिन मातीत बुडवून भाजतात, धागा जळून जातो आणि जाळी उरते; ही पद्धत मुख्यतः एकोणिसाव्या शतकात चालली.

दुरुस्ती शोधायची ती बोटं, मान, टोपीची कड आणि फुलांत. अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही (अतिनील प्रकाशाचा) टॉर्च फिरवा. वरून दिलेला रंग आजूबाजूच्या झिलईपेक्षा वेगळा चमकतो. टाचणीने खरवडून बघू नका, अस्सल रंगावरही ओरखडा राहतो. तळाला भेग दिसली म्हणून लगेच नाकारूही नका. भट्टीतल्या भेगेच्या कडा गोलसर असतात, आत झिलई उतरलेली असते. नंतरचा तडा धारदार असतो आणि त्यात मळ साचलेला असतो.

घरी आणल्यावर नळाखाली धरणं ही पुढची चूक. पुतळा आतून पोकळ असतो. छिद्रातून पाणी आत गेलं की जुना सरस सुटतो, आत लोखंडी सळई घातली असेल तर ती गंजते आणि डाग बाहेर येतो. आधी मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा. मग जाड टॉवेलवर ठेवून, एक लिटर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब टाकून कापसाचा बोळा जेमतेम ओला करा आणि थोडा-थोडा भाग पुसा, लगेच स्वच्छ पाण्याच्या बोळ्याने परत पुसा. सोनेरी काम घासू नका. ब्लीच नको, ॲसिटोन तर नकोच. दुरुस्तीचा रंग त्यानं सुटतो. लेसवर फक्त ब्रश, तोही केवळ टेकवत. उचलताना हात किंवा डोकं न धरता दोन्ही हात बैठकीखाली घाला.

तुकडा निघालाच, तर इन्स्टंट ग्लू लावू नका. वाकडा बसलेला जोड नंतर सोडवताना कड जाते. तुकडे पुन्हा पुन्हा जुळवूनही बघू नका, कडा एकमेकींवर झिजतात. प्रत्येक तुकडा वेगळ्या टिश्यूत गुंडाळा, चुरा सुद्धा पाकिटात भरा आणि तसाच पोर्सेलिन दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे न्या.