मालिकेआधी दोन संघांचा खेळ कसा ताडावा

हॉकीपटू कॅप्टन रूपसिंगांच्या ग्वाल्हेरात नुसता स्कोअर बघून हॉकीचा अंदाज बांधू नये. दोन्ही संघांचे किमान तीन-तीन सामने बघा. वहीत मैदान काढा: 91.4 बाय 55 मीटर, दोन्हीकडे 23 मीटरची रेषा आणि डी, म्हणजे गोलसमोरचं अर्धगोल. चेंडू जिथे हिसकावला तिथे फुली मारा. समोरच्यांच्या 23 मीटरच्या आत फुल्या दाटल्या, तर संघ वरूनच प्रेस करतो, म्हणजे पुढे जाऊन समोरच्यांच्याच भागात दबाव टाकतो. मध्यरेषेच्या मागे दाटल्या, तर तो वाट बघून प्रतिहल्ला चढवतो.

डीमधले प्रवेश आणि गोलवरचे फटके वेगवेगळे मोजा. इथेच बहुतेकांची गफलत होते. वीस प्रवेश आणि चारच फटके, म्हणजे खेळ देखणा, पण धार नाही.

पेनल्टी कॉर्नर (बचावाच्या चुकीवर समोरच्यांना मिळणारी गोलची संधी) व्हिडिओ थांबवून थांबवून बघा, खरी गंमत तिथेच. बचावाला गोलकीपरसह पाचच जण. बचावातला पहिला धावणारा थेट फ्लिकरच्या (गोलवर चेंडू उडवणाऱ्याच्या) रेषेत येत असेल, तर हल्ला करणारे बहुधा बाजूला पास देऊन व्हेरिएशन, म्हणजे वेगळी चाल, खेळतील.

शेवटची 15 मिनिटं वेगळ्या रंगाने नोंदवा; वरून प्रेस करणारे तिथे दमतात. पिवळ्या कार्डाची मिनिटं मात्र वगळा, तेव्हा संघ एक गडी कमी घेऊन खेळतो.