आंब्याच्या धंद्यात उतरण्याआधी: तारखा, उचल आणि दुसरी वाट

मुंबईची नोकरी सोडून गावी आंब्याचा धंदा उभा करायला निघालेली मुलं हल्ली सल्ला विचारायला येतात. बहुतेकांकडे पाच वर्षांचा आराखडा तयार असतो: पहिल्या वर्षी इतक्या पेट्या, दुसऱ्या वर्षी दीडपट. मोहोर उशिरा आला किंवा थ्रिप्स किडीने खाल्ला तर काय, याचा रकाना मात्र त्यात नसतो.

रत्नागिरीजवळ आमच्या बागा आहेत आणि फळप्रक्रियेचं एक छोटं युनिट आहे. वर्षाचा गल्ला मुख्यतः मार्च ते मे एवढ्यातच जमतो, आणि नेमकं त्याच काळात काहीतरी उलटतं. २०१४ मध्ये १ मेपासून, म्हणजे ऐन हंगामात, युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून आपल्या आंब्यावर बंदी घातली. ती उठली पुढच्या वर्षी. २०२० मध्ये फळ काढणीला आलं आणि टाळेबंदी लागली. ३ जूनला निसर्ग वादळाने रायगड आणि दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या केल्या. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. त्या दोन्ही वर्षी अमेरिकेचे निरीक्षक इथे येऊ शकले नाहीत, म्हणून तिकडची निर्यातही बंद राहिली. ती २०२२ मध्ये सुरू झाली. यातलं एकही आदल्या दिवाळीत कुणाला सांगता आलं नसतं.

म्हणून आम्ही अंदाजावर पैसे लावत नाही, तारखा ठरवतो. जानेवारीअखेर बागा फिरून मोहोर आणि फळधारणा बघायची. कमी दिसली तर कराराने नवी बाग घ्यायची नाही आणि खोक्यांची ऑर्डरही अर्ध्यावर आणायची. एप्रिलच्या मध्याला वाशी बाजाराची पट्टी (दलालाकडून येणारा विक्रीचा हिशोब), थेट गिऱ्हाईक आणि कॅनिंगचा दर शेजारी ठेवून मालाची वाटणी पुन्हा करायची. हे हंगामाआधीच वहीत लिहिलेलं असतं, त्यामुळे त्या दिवशी घरात वाद होत नाहीत. (दर बघून होतात, ते वेगळे.)

वादळाचा इशारा आला की तयार फळ उतरवायचं की ठेवायचं, हे आमच्याकडे बागेतला मुकादम ठरवतो. मला विचारायचं नाही. निसर्गनंतर कित्येक गावांत वीज आणि फोन बरेच दिवस बंद होते, मालकाच्या होकाराची वाट बघत बसायला वेळ नसतो. मुकादमाचा निर्णय चुकला तरी नुकसान मालकाचं, हे त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं. नाहीतर तो विचारल्याशिवाय काही करत नाही.

आता उचलीबद्दल, म्हणजे दलालाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांबद्दल. हंगामाआधी फवारणीला आणि मजुरीला पैसे लागतात, दलाल ते देतो, आणि मग माल त्याच्याकडेच जातो. दलालाला शिव्या घालायची फॅशन आहे, मला ती पटत नाही. तो गाडीभर माल एका दमात उचलतो. पुण्याच्या सोसायटीत पेट्या थेट विकल्या तर साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा) निघालेल्या प्रत्येक फळाचा फोन तुम्हाला येतो. पण २०२० मध्ये ज्यांच्या डोक्यावर उचल कमी होती, त्यांनाच सोसायट्यांकडे वळता आलं. म्हणून एका हंगामाची मजुरी आणि डिझेल स्वतःच्या खात्यात साठेपर्यंत नवी मशिनरी घेऊ नका, मग अनुदान कितीही असो. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख मिळतात खरे, पण ते कर्जाशी जोडलेले आहेत. एप्रिलची मजुरी त्यातून भागत नाही.

आंब्याच्या जोडीला कोकम, फणस, करवंद करा, असं प्रत्येक व्याख्यानात ऐकू येतं. कागदावर छान दिसतं. पण हे सगळं एप्रिल-मेच्या आसपासच पिकतं आणि वळवाचा एकच मोठा पाऊस सगळ्यांना एकदम झोडपतो. तौक्तेनंतर पडलेल्या कैरीची आंबोशी करायचं कित्येकांच्या मनात आलं असेल, पण वाळवायला ऊन कुठे होतं? कॅनिंगवाल्यांच्या दारात तर सगळ्या गावाचा माल एकाच वेळी उभा. ड्रायर आणि लोणच्याची पिंपं सगळं सुरळीत असतानाच घेऊन ठेवावी लागतात. माझ्या मते खरी दुसरी वाट काजूची. वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ या जातींची बी नीट वाळवली की महिनोनमहिने टिकते, त्यामुळे दर पडला तर थांबता येतं. आंब्याला थांबता येत नाही.

विमा घ्याच, पण तो कसा चालतो ते समजून घ्या. फळपीक विमा हवामानावर आधारित आहे. भरपाई तुमच्या झाडाकडे बघून नाही, तर महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते. डोंगराच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे कोरडं, हे कोकणात नेहमीचं. बाग करारावर घेण्याआधी त्या मंडळाचं केंद्र नेमकं कुठे बसवलंय, ते स्वतः जाऊन बघून या.