पार लाइटना पत्ते देताना मध्ये जागा सोडा

एकांकिकेच्या तालमीला सात चॅनेलचे (रंग, उजेड अशा प्रत्येक गोष्टीला एक चॅनेल) आठ एलईडी पार, म्हणजे रंगमंचावरचे दिवे, क्यूएलसी प्लस या प्रकाशयोजनेच्या सॉफ्टवेअरमध्ये १, ८, १५ अशा पत्त्यांवर चिकटून लावले होते. पत्ता म्हणजे दिव्याच्या पहिल्या चॅनेलचा आकडा. प्रयोगाच्या दिवशी एक पार बदलून आला, तो नऊ चॅनेलचा. त्याचे शेवटचे दोन चॅनेल शेजारच्यावर चढले आणि पुढचे सगळे पत्ते शिडीवर चढून बदलावे लागले.

आता असं करतो:

१. सॉफ्टवेअरमध्ये फिक्स्चर (म्हणजे दिवे) जोडताना ‘गॅप’च्या रकान्यात ३ टाकायचे, म्हणजे दोन दिव्यांमध्ये तीन चॅनेल रिकामे राहतात. सात चॅनेलचे पार आपोआप १, ११, २१… ७१ वर बसतात. एका युनिव्हर्समध्ये (चॅनेलच्या एका संचात) ५१२ चॅनेल असतात, कंजुषी कशाला?

२. तोच पत्ता पारच्या डिस्प्लेवर लावायचा. जुन्या डिप स्विचवाल्याला (छोट्या स्विचांची ओळ, किंमत १, २, ४, ८ अशी दुपटीने) ११ हवे असतील तर १ + २ + ८, म्हणजे पहिला, दुसरा आणि चौथा स्विच वर.

३. पार टांगण्याआधीच कागदी टेपवर आकडा लिहून पाठीवर चिकटवायचा. मार्करनेच, पेनचं अंधारात काही दिसत नाही.

एक सांभाळा: सॉफ्टवेअरमध्ये निवडलेला मोड (किती चॅनेल आणि कोणता कशाचा, ती मांडणी) आणि पारवरचा मोड एकच हवा. नाहीतर पत्ता बरोबर असूनही डिमर (उजेडाचा चॅनेल) वाढवला की भलताच रंग किंवा स्ट्रोब (भराभर लुकलुकणं) सुरू होतो.